कादिझचा किल्ला आणि नाशिकची घंटा

माझे वडील बंधु विनोदी आहेत. स्पेनमधून चिरंजिवांचें बोलावणें आल्याचें मीं त्यांना सांगितलें, तेव्हां ते ओसरीवरच्या झोपाळ्यावर बसून सुपारी कातरीत होते. अडकित्ता न थांबवितां ते म्हणाले, "बौधायनानें पतनीय कर्मांत समुद्रगमन पहिलें सांगितलें आहे, ठाऊक आहे ना?" मीं उत्तर दिलें, "दादा, मी विमानानें जाणार. विमानाचा उल्लेख बौधायनानें केलेला नाहीं. शिवाय समुद्रप्रवास हा उत्तरेकडील लोकांचा रूढ आचार असल्याचें त्यानेंच दुसऱ्या ठिकाणीं नमूद केलें आहे." ज्या निफाड गांवीं १८ जानेवारी १८४२ रोजीं न्यायमूर्ति रानड्यांचा जन्म झाला, तेथील माणसानें परदेशगमनाचा बाऊ करावा हें शोभत नाहीं, असेंही मीं वर जोडून दिलें. त्यावर दादा लगेच म्हणाले, "त्याच रानड्यांना मिशनऱ्यांच्या घरच्या चहापायीं प्रायश्चित्त घ्यावें लागलें होतें. असो. जा, पण परत ये. या वाड्याला दोन म्हाताऱ्यांपेक्षां कमी माणसें चालायचीं नाहींत."

शेवटचें वाक्य त्यांनीं हंसत हंसतच उच्चारलें. पण तें माझ्या कानांत राहिलें.

मी मॅट्रिकपर्यंत शिकलेला. पुढें शिक्षकाची परीक्षा दिली, पाठशाळेंत बसून थोडें व्याकरण व थोडें काव्य पदरांत पाडून घेतलें, आणि पस्तीस वर्षें मुलांना इतिहास व संस्कृत शिकविलें. कादवा-गोदावरीच्या काळ्या मातींत वाढलेल्या माणसाला समुद्र ही गोष्ट पुस्तकांतली. दरवर्षीं वरच्या वर्गाची सहल घेऊन मी वसईस जात असें, तेवढाच काय तो माझा व सागराचा परिचय. चिरंजीव जहाजबांधणीच्या कामांत अभियंते असून सात वर्षांपासून कादिझ येथें सहकुटुंब राहतात. नातू दोन वर्षांचा असतांना तिकडे गेला, आतां नऊ वर्षांचा आहे. त्याला पाहण्यासाठीं म्हणून २०२३ च्या सप्टेंबरांत आम्ही उभयतां निघालों व पुढच्या फेब्रुवारीच्या अखेरीस परतलों.

प्रवासाचें, पासपोर्टाचें व विमानांतील अन्नाचें वर्णन मी करीत नाहीं. तें आतां घरोघरीं माहीत झालें आहे. आमच्या सौभाग्यवतींनीं मेतकूट, भाजणी व लिंबाचें लोणचें बरोबर घेतलें होतें, आणि तिकडे पालक व हरभरे एकत्र शिजवून करतात ती भाजी आम्हांला आवडली, एवढें सांगितलें म्हणजे पुरे.

कादिझ हें शहर स्पेनच्या दक्षिणेस अटलांटिक महासागरांत शिरलेल्या भूशिरावर वसलें आहे. तिन्ही बाजूंस पाणी, आणि चौथीकडून एक अरुंद पट्टी काय ती देशाशीं जोडलेली. फिनिशियन व्यापाऱ्यांनीं तें वसविलें. प्राचीन ग्रंथकार त्याचा आरंभ इ. स. पूर्व ११०० च्या सुमारास नेतात. उत्खननांत सांपडलेले अवशेष त्याहून कांहीं शतकें अलीकडचे आहेत. तरी आपल्याकडे जनपदें नांदत होतीं, त्या काळीं या गांवांत बाजार भरत होता, असें म्हणण्यास हरकत नाहीं. अमेरिकेचा व्यापार भरांत असतांना तेथील व्यापाऱ्यांनीं आपापल्या घरांवर मनोरे बांधले व त्यांवर चढून जहाजांची वाट पाहिली. असे शंभरावर मनोरे अजून उभे आहेत. सर्वांत उंच मनोऱ्यास तावीरा म्हणतात. १७७८ सालीं बंदराचा अधिकृत टेहळणीचा मनोरा म्हणून त्याचीच निवड झाली.

तेथील दोन गोष्टी माझ्या मनांत विशेष भरल्या. एक तेथील दगड. वाड्यांच्या जोत्याला, तटाला, देवळाला, सगळीकडे एकच खरबरीत पिवळसर दगड. जवळ जाऊन पाहावें तों त्यांत शिंपल्यांचे तुकडे गच्च बसलेले! समुद्राच्या तळाशीं शिंपले व वाळू यांचा थर घट्ट होऊन तो बनतो. नातवानें पहिल्याच दिवशीं भिंतीशीं नेऊन मला एक अखंड शिंपला दाखविला व तो आपणच शोधून काढल्याचें सांगितलें. दुसरी गोष्ट म्हणजे गल्ल्यांच्या कोपऱ्यांवरच्या तोफा. आपल्याकडे गाडीचें चाक घासून भिंतीचा कोपरा झडूं नये म्हणून तेथें धोंडा पुरतात. कादिझच्या लोकांनीं त्या कामीं निकामी तोफा उभ्या पुरल्या आहेत. जींवर माणसें मेलीं ती तोफ आज गाडीवाल्याला "जरा सांभाळून" एवढेंच सांगते. मला तें आवडलें.

गांवाच्या पश्चिमेस ला कालेता नांवाची चंद्रकोरीसारखी लहानशी चौपाटी आहे. तिच्या एका टोंकास सांता कातालीना हा किल्ला, व दुसऱ्या टोंकापासून समुद्रांत गेलेल्या खडकावर सान सेबास्तियान हा किल्ला. भरतीच्या वेळीं कोळ्यांच्या होड्या मधल्या पाण्यांत डोलतात. ओहोटी लागली कीं खडक उघडे पडतात आणि त्याच होड्या चिखलांत कलंडून बसतात. चौपाटीसमोर एका जुन्या रुग्णालयाच्या इमारतीपुढें वडासारखे दोन प्रचंड वृक्ष आहेत. हिंदुस्थानांतून परतणाऱ्या जोगिणींनीं ते आणले, अशी तिकडे आख्यायिका आहे. वनस्पतिशास्त्राप्रमाणें त्या जातीचें मूळ स्थान ऑस्ट्रेलियाचा पूर्व किनारा आहे. पण आमच्या घरांतल्या मंडळींनीं आख्यायिका ऐकली, शास्त्र ऐकलें, आणि जातां येतां त्या झाडाच्या बुंध्याला हात लावून नमस्कार करण्याचा परिपाठ ठेवला. मीं वाद घातला नाहीं.

सांता कातालीना किल्ला बांधण्याचें कारण असें. १५८७ मध्यें इंग्रजांच्या ड्रेकनें कादिझच्या बंदरांत शिरून गलबतें जाळलीं. तरीही स्पेनचे डोळे उघडले नाहींत. १५९६ च्या उन्हाळ्यांत हॉवर्ड व एसेक्स यांच्या हाताखालीं इंग्रज-डच आरमार आलें, त्यानें शहर घेतलें, लुटलें, मोठमोठ्या गृहस्थांना ओलीस धरलें आणि निघतांना आग लावून दिली. घोडा चोरीस गेल्यावर तबेल्याला कुलूप लावण्याची रीत सर्व देशांत आहे. राजा दुसरा फिलिप यानें किल्ला बांधण्याची आज्ञा दिली, क्रिस्तोबाल दे रोहास या स्थापत्यकारानें आराखडा काढला, आणि दोन वर्षांत कामास आरंभ झाला.

आकार पाहून मला आश्चर्य वाटलें तें असें कीं तो ओळखीचा वाटला. समुद्राकडे ताऱ्याच्या किरणांसारखे तीन टोंकदार कोन पुढें काढलेले. जमिनीकडे दोन अर्धे बुरुज, मध्यें दरवाजा, पुढें खंदक व पूल. आपल्या डोंगरी किल्ल्यांचे बुरुज बहुधा गोल असतात. तेथें शत्रूला मुळांत पायथ्याशीं पोंचणेंच कठीण, कारण अर्धें काम डोंगर करतो. सपाट किनाऱ्यावर ही सोय नाहीं. गोल बुरुजाच्या अगदीं पुढ्यांत एक जागा अशी राहते कीं बाजूच्या तटावरून झाडलेली गोळी तेथें पोंचत नाहीं. सुरुंग लावणारा नेमका तेथें येऊन बसतो. बुरुजाला टोंक काढलें म्हणजे ती लपण्याची जागा नाहींशी होते, व एका बुरुजावरून दुसऱ्याची कूस राखतां येते. तोफा आल्यानंतर ही विद्या इटलींत निपजली, तेथून सर्व युरोपांत व पोर्तुगीजांबरोबर आपल्या कोंकणांत आली. वसईच्या तटावर उभा राहून हीच गोष्ट मीं वर्षानुवर्षें मुलांना काठीनें मातींत आंखून दाखविली होती. आतां तीच आकृति परक्या देशीं, परक्या समुद्रावर, माझ्या पायांखालीं होती.

आणि नुसतें आकृतीचें साम्य नव्हे. किल्ल्याच्या दारावरच्या वृद्ध रखवालदारानें, मी कोठचा, म्हणून विचारलें. नातू दुभाषा झाला. आमच्याकडे असाच एक किल्ला आहे, असें मीं सांगतांच तो म्हणाला, "तो कोणाचा?" मीं म्हटलें, "पोर्तुगीजांचा. पण साठ वर्षें तुमच्या राजाचा." त्याला तें खरें वाटेना. तेव्हां तेथील बांकावर बसून मीं त्याला हकीकत सांगितली, आणि ती आपल्याकडेही फारशी कोणी सांगत नाहीं म्हणून येथें देतों.

गुजरातचा सुलतान बहादुरशहा यानें डिसेंबर १५३४ मध्यें तह करून वसई पोर्तुगीजांस दिली. १५७८ मध्यें पोर्तुगालचा तरुण राजा सेबास्तियान हा मोरोक्कोंतील लढाईंत मारला गेला. त्याला मूल नव्हतें. म्हातारा चुलत-आजा गादीवर बसला, तोही १५८० मध्यें वारला, आणि स्पेनच्या दुसऱ्या फिलिपनें आईकडून येणारा वारसा पुढें करून व सैन्य पाठवून पोर्तुगालचें राज्य घेतलें. पोर्तुगालचा कारभार पोर्तुगीजांनींच पाहावा असें ठरलें. परंतु १६४० पर्यंत गोवा, चौल, वसई, दमण हीं सर्व ठाणीं ज्या राजाच्या नांवानें चालत, तो माद्रिदला बसे. ज्याच्या आज्ञेनें कादिझचा हा तारा उभा राहिला, त्याच फिलिपच्या नांवानें वसईंतही द्वाही फिरत होती. त्या काळांतला वसईचा एक माणूसही सांगण्यासारखा आहे. गोन्सालो गार्सिया हा वसईंत जन्मला, जपानांत गेला, तेथें व्यापार केला, मनिलास जाऊन स्पॅनिश फ्रान्सिस्कन पंथांत शिरला व ५ फेब्रुवारी १५९७ रोजीं नागासाकीस सोबत्यांसह क्रुसावर मारला गेला. १८६२ मध्यें रोमनें त्याला संत ठरविलें. धर्म त्याचा, आपला नव्हे. पण आमच्या किनाऱ्यावरचा मुलगा चारशें वर्षांपूर्वीं कोठल्या कोठें गेला, हें मीं सांगितलें तेव्हां रखवालदारानें आपली टोपी काढली.

त्यानेंही मला कांहीं सांगितलें. १७६९ पासून या किल्ल्याचा लष्करी तुरुंग झाला होता. अलीकडे, १९७० च्या मागें-पुढें, धर्मश्रद्धेमुळें शस्त्र हातीं घेणार नाहीं असें म्हणणाऱ्या तरुणांनाही तेथें कोंडून ठेवीत. आतां त्याच कोठड्यांत चित्रांचीं प्रदर्शनें भरतात. समुद्राकडच्या तटावर उभें राहून त्यानें दुसऱ्या किल्ल्याकडे बोट केलें. "सान सेबास्तियान," तो म्हणाला. पंधराव्या शतकांत व्हेनिसच्या एका गलबतावरील खलाशी तेथें प्लेगाच्या दुखण्यांतून उठले, व त्यांनीं त्या साथीच्या देवाचें, म्हणजे संत सेबास्तियानचें, लहानसें मंदिर बांधलें. किल्ला पुढें १७०६ मध्यें झाला. आम्ही दगडी वाटेनें त्याच्या दारापर्यंत चालत गेलों. त्या दिवशीं दार बंद होतें. दोन्ही बाजूंस लाटा, समोर बंद दरवाजा, आणि तें नांव. मला एकाएकीं वसईचा तो बुरुज आठवला, ज्याचें नांव मीं फळ्यावर शेंकडों वेळां लिहिलें होतें.

मग मीं नातवाला तेथेंच वसईचा वेढा सांगितला. १७३७ मध्यें चिमाजी अप्पांनीं ठाणें घेतलें. वसई मात्र दोन वर्षें हातीं येईना; तीन बाजूंनीं पाणी व दलदल, एकाच बाजूस जमीन. १७३९ च्या फेब्रुवारींत वेढा आवळला. मल्हारराव होळकर व राणोजी शिंदे येऊन मिळाले. मे महिन्यांत सेंट सेबास्तियान बुरुजाखालीं सुरुंग उडाले. कांहीं उडाले, कांहीं उशीरां उडाले आणि आपलींच माणसें त्यांखालीं सांपडलीं. तरीही पुन्हां पुन्हां चढाई झाली. अखेर १६ मे रोजीं पोर्तुगीजांनीं तह केला. शिबंदीनें हत्यारांसह, नगारे वाजवीत, निशाणें घेऊन बाहेर पडावें, मागें राहतील त्यांना आपल्या धर्माप्रमाणें वागण्याची मोकळीक असावी, असें ठरलें. आणि २३ मेच्या सुमारास किल्ला रिकामा झाला. जिंकलेल्याला असा वाट देणारा विजय इतिहासांत विरळा, असें मी नेहमींप्रमाणें अभिमानानें म्हणालों. आणि नेहमींप्रमाणेंच शेवटीं जोडलें, "तेथील चर्चची मोठी घंटा आपल्या सरदारांनीं आणली. ती आपल्या नाशकांत नारोशंकराच्या देवळावर आहे. तूं परत आलास कीं दाखवीन."

नातू म्हणाला, "आजोबा, पोर्तुगीज लोक आपलें सामान घेऊन गेले म्हणालात ना? मग घंटा कां ठेवून घेतली?"

पस्तीस वर्षांत हा प्रश्न मला कोणत्याही मुलानें विचारला नव्हता. वर्गांत घंटेचें नांव निघालें कीं मुलें टाळ्या वाजवीत. मीं म्हटलें, "युद्धांत असें होतें." तो म्हणाला, "इंग्रजांनीं कादिझ लुटलें तेव्हां तुम्ही त्यांना चोर म्हणालात."

मी तसें म्हणालों होतों खरें, तासाभरापूर्वींच, रखवालदारासमोर.

घरीं आल्यावर मीं त्याला एसेक्सची पुढची गोष्ट सांगितली. कादिझ लुटून परततांना त्यानें पोर्तुगालच्या किनाऱ्यावरील फारो गांवावर हात मारला व तेथील बिशपाचा ग्रंथसंग्रह उचलून नेला. ती पुस्तकें पुढें ऑक्सफर्डच्या बॉडलियन ग्रंथालयांत गेलीं. तोफा ओतण्यासाठीं घंटा वितळविणें ही तर सर्व सैन्यांची रीत. आपल्या लोकांनीं ती वितळविली नाहीं, देवापुढें टांगली. ही कोटी मला बरी वाटली. नातवाला ती कितपत पटली हें मला कळलें नाहीं. तो आपल्या वहींत तारेचा किल्ला काढीत होता. पुस्तकाबद्दल मात्र त्यानें विचारलें, "तीं वाचतात तरी का कोणी?" "वाचतात," मीं सांगितलें. "मग ठीक," तो म्हणाला.

त्या हिवाळ्यांत मी रोज संध्याकाळीं कालेतावर जाऊन बसत असें. जवळच खेरेस नांवाचें गांव आहे, तेथील द्राक्षांवर सारा प्रांत जगतो. पांढऱ्याफेक मातींत, मांडवाशिवाय, जमिनीलगत वाढविलेल्या वेली पाहून आमच्या निफाड तालुक्यांतील द्राक्षबागाईतदार काय म्हणतील याचें मला हंसूं येई. आपल्या काळ्या मातींत तारेच्या मांडवावर घड लोंबतात, तो थाट तेथें नाहीं. आणि त्यांचीं बहुतेक द्राक्षें मद्याला जातात, म्हणून दादांना मीं पत्रांत त्याविषयीं थोडक्यांत लिहिलें.

जानेवारींत एका संध्याकाळीं चिरंजीव माझ्याबरोबर आले. सूर्य सान सेबास्तियानच्या दीपगृहामागें जात होता. बराच वेळ इकडचें तिकडचें बोलून ते म्हणाले, "बाबा, तुम्ही आणि आई आतां इथेंच रहा. कागदपत्रांचें मी पाहतों. निफाडला तुमचें करणारें कोण आहे?" त्यांच्या बोलण्यांत सक्ति नव्हती, काळजी होती. उलट काळजी मलाही होती, ती मीं बोलून दाखविली नाहीं: हें पोर आपसांत आमच्याशीं मराठी बोलतें तें आमच्यासाठीं, आम्ही निघालों कीं घरांत मराठी किती दिवस टिकेल? रात्रीं मीं हा विषय घरांत काढला. सौभाग्यवती म्हणाल्या, "तुळशीला पाणी घालायला मी शेजारणीला सांगून आलें आहे, तें सहा महिन्यांचं." आणि त्यांनीं कूस बदलली. त्यांना झोंप लागली नव्हती, हें मला कळत होतें.

आम्ही ठरल्या दिवशीं परतलों. चिरंजिवांना मीं "नाहीं" म्हटलें नाहीं, "होय"ही म्हटलें नाहीं. दादा स्टेशनवर आले होते. पूर्वीपेक्षां वाकल्यासारखे दिसले. पण मीं तसें म्हटलें असतें तर रागावले असते.

२०२४ च्या मे महिन्यांत चिरंजीव सहकुटुंब तीन आठवड्यांसाठीं आले. मीं आधीं वसईचा बेत केला. निफाडहून आगगाडीनें दादर, तेथून लोकलनें वसई, आणि पुढें किल्ल्यापर्यंत रिक्षा. पूर्वीं साठ मुलें घेऊन जो प्रवास करीत असें तोच. सुमारें साडेचार किलोमीटरचा तट, आंत ताडामाडांची झाडें, छपरें गेलेलीं चर्चें, त्यांच्या कमानींतून दिसणारें आभाळ. समुद्र-दरवाजाशीं कोळ्यांनीं मासळी वाळत घातलेली, आमच्या मंडळींनीं नाकाला पदर लावला, आणि नातू मात्र "कालेतासारखा वास!" म्हणून खुशींत आला.

मी त्याला टोंकदार बुरुज दाखविणार होतों. तो वाटेंतच फ्रान्सिस्कनांच्या चर्चमध्यें अडला. तेथें जमिनींत कोरीव अक्षरांच्या जुन्या शिळा बसविल्या आहेत. पस्तीस वर्षें मी त्या शिळांवरून मुलांना घेऊन चाललों होतों; "हीं पोर्तुगीज सरदारांचीं थडगीं, पुढें चला," एवढेंच सांगत असें. नातू गुडघे टेंकून बसला, हातानें पानें व माती झाडली आणि अक्षरांवर बोट फिरवून वाचूं लागला. पोर्तुगीज व स्पॅनिश या आपल्या मराठी-कोंकणीसारख्या सख्ख्या बहिणी. त्याला सगळें कळेना. पण थडग्याचा शब्द कळला, बायको म्हणून शब्द कळला, वारस कळले, साल कळलें. "आजोबा, इथें नवरा आणि बायको दोघं आहेत. आणि त्यांचीं मुलं." मग पुढची शिळा. मग त्यापुढची. आम्ही सर्व उभे राहिलों. ऊन डोक्यावर आलें तरी तो उठेना, आणि मीही त्याला उठविलें नाहीं.

संस्कृताच्या जोरावर ताम्रपट वाचणाऱ्या विद्वानांच्या गोष्टी मीं मुलांना सांगितल्या. माझ्या पायांखालच्या अक्षरांकडे मात्र मीं कधीं वाकून पाहिलें नव्हतें. तीं शत्रूचीं होतीं, हें कारण. दुसरें कारण नव्हतें.

सेंट सेबास्तियान बुरुजाच्या बाजूस आम्ही दुपारीं गेलों. झाडोरा माजलेला, वाट अशी नाहीं. येथें सुरुंग उडाले, येथून आपले लोक चढले, असें मीं सांगितलें. आवाज पूर्वीसारखा चढला नाहीं. नातवानें विचारलें, "दोन्हीकडचीं मिळून किती मेलीं?" मीं म्हटलें, "हजारों." त्यानें पुढें कांहीं विचारलें नाहीं, तटाच्या दगडांत शिंपला सांपडतो का तें पाहूं लागला. आपला दगड काळा. पण चुन्यांत त्याला एक बारीक पांढरी कवची सांपडली ती त्यानें मला दाखविली. कोंकणांत शिंपले भाजून चुना करण्याची जुनी रीत आहे, हें त्याला सांगतांना मला बरें वाटलें.

पुढच्या सोमवारीं आम्ही नाशकास गेलों. दादाही आले. गोदावरीच्या कांठीं पंचवटीच्या बाजूस नारोशंकर राजेबहाद्दरांनीं १७४७ मध्यें बांधलेलें रामेश्वराचें देऊळ आहे. मालेगांवचा भुईकोट किल्ला बांधणारे ते हेच. देवळाच्या नदीकडील तटावर मेघडंबरींत ती घंटा टांगली आहे. तिचा नाद कोसच्या कोस जात असे, असें जुनें माणूस सांगतें. माझ्या आजीची समजूत तर अशी होती कीं हवा योग्य असली म्हणजे तो निफाडासही येतो. पण आजीला पुष्कळ गोष्टी ऐकूं येत.

घंटा उंचावर आहे, आणि खालून तिच्यावरील अक्षरें नुसत्या डोळ्यांनीं वाचतां येत नाहींत. नातवानें कादिझला जहाजें पाहण्यासाठीं घेतलेली लहान दुर्बीण गळ्यांत अडकविलेली होती. ती डोळ्यांस लावून तो बराच वेळ उभा राहिला. "आंकडे आहेत," तो म्हणाला, "एक, सात, दोन, एक."

"सतराशें एकवीस. तें ओतल्याचें साल," मीं सांगितलें.

त्यानें दुर्बीण खालीं केली. ओठ हलत होते; मनांत वजाबाकी चालली होती. "म्हणजे वसईचा वेढा झाला तेव्हां ती फक्त अठरा वर्षांची होती."

"बरोबर."

"आणि त्यानंतर दोनशें पंच्याऐंशी वर्षं आपल्याकडे." थोडें थांबून तो पुढें म्हणाला, "मी निफाडला दोन वर्षं होतों. कादिझला सात."

दादांनीं माझ्याकडे पाहिलें. चिरंजीव आमच्या मागेंच उभे होते; तेही कांहीं बोलले नाहींत. मग त्यांनीं नातवाच्या हातांतून दुर्बीण घेतली व स्वतः ती डोळ्यांस लावली. दादांनीं छत्री उघडली, ऊन फार झालें म्हणाले, आणि आम्ही सर्व रामकुंडाकडे उतरलों.